‘करील’ हा आज्ञार्थ नव्हे

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील गाळून):

“माझं वय एक्केचाळीस. माहेर फोंडा तालुक्यात, सासर म्हापशाच्या बाजूला. बाबा मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक होते, गेल्या वर्षी श्रावणात वारले. माहेरी घर आणि लहानसं कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, आहे. तिथे आई, दादा, वहिनी आणि त्यांची मुलं राहतात. शेवटच्या दिवसांत इस्पितळात बाबा दादाला म्हणाले, ‘बाय सही करील. ती माझ्या शब्दाबाहेर जायची नाही.’ मी तेव्हा औषधं आणायला खाली गेले होते. आता दादाने हक्कसोडीचा कागद तयार करून सब-रजिस्ट्रारकडची तारीखही घेतली आहे. गणेश चवथीपूर्वी हे उरकायचं म्हणतो. आई फोनवर रडते आणि ‘सय कर गो बाये’ एवढंच म्हणते. दादा म्हणतो, ‘बाबांची आज्ञा होती. आणि तू तर आज्ञाधारक म्हणून नाव काढलेलं.’ माझ्या नवऱ्याचीही सही लागणार आहे. तो ‘तुझं माहेर, तू ठरव’ म्हणतो, पण गप्प गप्प असतो. मला लोभ नाही. तरी सहीला हात उठत नाही. नाही म्हटलं तर माहेर तुटेल ही भीती. चौथीत बाबाच माझे वर्गशिक्षक होते. प्रगतिपुस्तकात त्यांच्या अक्षरात शेरा आहे : ‘आज्ञाधारक. शंका फार विचारते.’ लग्नाच्या वेळच्या माहितीपत्रकातही त्यांनी ‘आज्ञाधारक’ लिहिलं होतं. तुम्ही मराठी शिकवायचात म्हणून विचारते. या शब्दाचा नेमका अर्थ काय? सही केली नाही तर मी कर्तव्याला चुकले असं होईल का? मी सही करू का? काय करावं ते कळत नाही.”

प्रिय भगिनी,

तुमचं पत्र मी पेन्सिल हातात घेऊन वाचलं. तुम्ही अर्थ विचारला आहे, तेव्हा आधी तुमच्याच पत्रातल्या तीन क्रियापदांखाली रेघ मारली. बाबांचं ‘करील’, आईचं ‘कर गो’, आणि अगदी शेवटी तुमचं स्वतःचं ‘करावं’. दादांच्या वाक्यात ‘आज्ञा’ हे नाम आहे, पण आज्ञा देणारं क्रियापद कुठेच नाही.

‘करील’पासून सुरुवात करू. क्रियापदाचे चार अर्थ आपण शाळेत घोकले : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. ‘बाय सही करील’ हा साधा भविष्यकाळ आहे, स्वार्थ. पुढे काय घडेल याबद्दल बोलणाऱ्याला काय वाटतं, तेवढंच तो सांगतो. आज्ञा द्यायची तर समोरच्याला ‘कर’ म्हणावं लागतं. तिसऱ्या माणसाबद्दल आज्ञार्थ वापरायचा झाला तर ‘करो’ होतो, ‘देव तुझं भलं करो’ म्हणतात तसा. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाला हा फरक सांगायची गरज नव्हती. बाबा तुमच्याशी बोललेच नाहीत. तुमच्याबद्दल बोलले, तेही तुम्ही खोलीत नसताना, उशाशी बसलेल्या मुलाची काळजी मिटावी म्हणून. त्यात तुमच्यावरचा विश्वास आहे, कदाचित घर एकत्र राहावं ही इच्छाही आहे. ती इच्छा खरी मानून तिचा विचार केलाच पाहिजे. पण वडिलांची इच्छा आणि वडिलांची आज्ञा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गेलेल्या माणसाच्या इच्छेला आज्ञेचे कपडे चढवायचा अधिकार मागे राहिलेल्यांना नसतो. दादांनी ते मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. दुःखात माणूस शेवटचं वाक्य घट्ट धरून ठेवतो आणि धरता धरता ते जड होत जातं.

आईचं ‘सय कर गो’ मात्र रूपाने आज्ञार्थच आहे. पण आपल्या भाषेत हेच रूप देवाकडे मागायलाही चालतं. ‘देवा, बुद्धी दे’ म्हणताना कोणी देवाला हुकूम सोडत नाही. आज्ञार्थाच्या पोटात आज्ञा, विनंती, आशीर्वाद, प्रार्थना सगळंच बसतं, आणि त्यातलं काय आहे ते आवाजावरून कळतं. तो ‘गो’ ऐका. गोव्यातल्या कुठल्या आईने हुकूम देताना रडत ‘गो’ लावलाय? ती विनवणी आहे. विनवणी मान्य केली नाही म्हणून आज्ञाभंग होत नाही. मात्र तिला उत्तर द्यावं लागतं. आणि मला वाटतं, आईला तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही दोघी फोनवर रडलात, बोललात नाही.

आता तुम्ही विचारलेला शब्द. ‘आज्ञा’ आणि ‘धारक’. धारक म्हणजे धरणारा, बाळगणारा : खातेधारक, पासधारक, शिधापत्रिकाधारक. या प्रत्येकाच्या हातात काहीतरी असतं आणि त्याचं काय करायचं हे तो जाणतो. ‘आज्ञा’ या शब्दात तर ‘ज्ञा’ हा धातूच आहे, जाणण्याचा. मुळात आज्ञा म्हणजे कळवणं. शिवकालीन आणि पेशवाईतल्या कागदांत वरून आलेला हुकूम ‘जाणिजे’ या शब्दाने संपायचा. आणि खालून वर, चाकराकडून धन्याकडे जे पत्र जायचं त्यात ‘विज्ञापना’ असायची. त्यातही तोच ‘ज्ञा’. वरून येते ती आज्ञा, खालून जाते ती विज्ञापना, आणि दोन्हींचं काम एकच : कळवणं. गडावर बसलेल्याला खालच्या खिंडीत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून खालच्याने ‘इथली परिस्थिती अशी आहे’ हे कळवायचंच असतं. ते न कळवता नुसता हुकूम बजावला तर काम अर्धंच राहतं.

मग आपण या शब्दाचं काय केलं? शाळेच्या रजेच्या अर्जाखाली ‘आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी’ लिहायला शिकवलं, प्रगतिपुस्तकात शेरा म्हणून वापरला, आणि मुलगी मोठी झाली की तोच शेरा लग्नाच्या माहितीपत्रकात ‘गृहकृत्यदक्ष’च्या शेजारी उतरवला. मुलाच्या माहितीपत्रकात ‘निर्व्यसनी’ वाचलंय, ‘आज्ञाधारक’ क्वचितच. तोंडातून शब्द न काढणाऱ्या माणसाला, त्यातही मुलीला, हा शब्द चिकटला. विज्ञापना गळून गेली आणि नुसती आज्ञा उरली.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. मी तीस वर्षं वर्गात होते. एका वर्षी पाचवीत मागच्या बाकावर एक मुलगी बसायची, लाल रिबिनीच्या दोन घट्ट वेण्या, वही कायम उघडी. कधी बोलली नाही, कधी उठली नाही. तिच्या प्रगतिपुस्तकात मी तिन्ही सत्रांना ‘आज्ञाधारक’ लिहिलं. पुष्कळ वर्षांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ती भेटली, कडेवर मूल, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. पाया पडली आणि सहज सांगितलं, “बाई, पाचवीत मला फळाच दिसत नव्हता. शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायचे. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलेलं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. तुम्ही विचारलं नाही म्हणून मी बोलले नाही.” तिच्या मनात राग नव्हता. मी मात्र हातातली मिरच्यांची पिशवी धरून बराच वेळ तशीच उभी राहिले. माझी आज्ञा तिने अक्षरशः पाळली होती आणि त्यात तिचं वर्ष गेलं होतं. चूक माझी होती. पण तिने एकदा ‘बाई, दिसत नाही’ म्हटलं असतं, तर ती आज्ञा मोडणं ठरलं असतं का? ती विज्ञापना झाली असती, आणि मी तिला पुढच्या बाकावर बसवलं असतं.

म्हणून तुमच्या प्रगतिपुस्तकातला तो शेरा वाचून मला फार बरं वाटलं. तुम्ही त्यातला अर्धाच धरून बसला आहात. बाबांनी दोन वाक्यं लिहिली आहेत. ‘आज्ञाधारक.’ पूर्णविराम. ‘शंका फार विचारते.’ स्वतःच्या मुलीबद्दल, शाळेच्या अधिकृत कागदावर, एका शिक्षकाने ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिली. मधे ‘पण’ घातला नाही. त्यांना या दोन गोष्टींत भांडण दिसत नव्हतं. आज तुम्हाला एक शंका आहे. ती ज्यांना विचारायची ते नाहीत, म्हणून तुम्ही मला विचारली. खरं तर ती दादांना आणि आईला विचारायला हवी.

देवळातली रीत आठवा. आपल्याकडे अडलेलं काम घेऊन माणूस देवळात जातो तेव्हा भटजी आधी गाऱ्हाणं घालतात. अमक्या गावच्या अमक्या लेकराची अशी अशी अडचण आहे, हे सगळं देवासमोर मांडून होतं. त्यानंतर मूर्तीला पाकळ्या लावून प्रसाद, म्हणजे देवाचा कौल, घ्यायचा, पाकळी उजवी पडते की डावी ते पाहायचं. ज्या देवाला आपण सर्वज्ञ मानतो, त्याचीसुद्धा आज्ञा आपण गाऱ्हाणं घातल्याशिवाय घेत नाही. मग दादांसमोर गाऱ्हाणं न घालता थेट कागदावर सही, ही कुठली रीत? (तुमची आई या सहीसाठीही प्रसाद घेऊ म्हणाली, तर नाही म्हणू नका. पण गाऱ्हाणं तुमच्या शब्दांत घालायला सांगा, आणि ते घालताना दादा समोर असू देत.)

आपल्या भूमीला परशुरामाची भूमी म्हणतात, आणि आज्ञाधारकपणाचा दाखला म्हणूनही लोक परशुरामाचंच नाव घेतात. वडिलांनी आईला मारायला सांगितलं. चार थोरले भाऊ तयार झाले नाहीत, याने परशू उचलला. लोक कथा इथेच थांबवतात. महाभारतातल्या वनपर्वात ती पुढे जाते. प्रसन्न झालेल्या जमदग्नींनी वर माग म्हटलं, तेव्हा परशुरामाने सर्वांत आधी मागितलं ते हे, की आई पुन्हा जिवंत व्हावी आणि मारलं गेल्याची आठवणही तिला राहू नये. पुढे भावांसाठीही मागितलं. म्हणजे ज्या क्षणी त्याला बोलायची संधी मिळाली त्या क्षणी त्याने आपण पाळलेली आज्ञा परत फिरवून घेतली. त्याच्याजवळ वर होता. आपल्याजवळ नसतो, आणि हक्कसोडीचा कागद एकदा नोंदला गेला की तो मागे घेता येत नाही. आपल्याला बोलायचं ते आधीच बोलून घ्यावं लागतं.

आता ‘कर्तव्य’. तुम्ही आज्ञा आणि कर्तव्य एकाच श्वासात लिहिलंय, जणू आज्ञा मोडली की कर्तव्य चुकलंच. मराठीने या दोघांना दोन वेगळी घरं दिली आहेत. कर्तव्य म्हणजे ‘कृ’ला ‘तव्य’ लागून झालेला शब्द, जे करण्याजोगं आहे ते. हा ‘तव्य’ संस्कृतातून प्राकृतात घासत घासत आपल्याकडे ‘आवे’ होऊन आला. ‘कर्तव्य’ आणि ‘करावे’ हे नात्याने एकच शब्द आहेत. म्हणूनच विध्यर्थाचं उदाहरण देताना व्याकरणाची पुस्तकं हटकून ‘आईवडिलांची आज्ञा पाळावी’ हे वाक्य देतात आणि पुढे कंसात ‘कर्तव्य’ असं लिहितात. मी हे वाक्य वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं आहे. आज्ञा पाळण्याबद्दलचं वाक्य, पण ते स्वतः आज्ञार्थी नाही. ‘पाळ’ म्हणत नाही, ‘पाळावी’ म्हणतं. पाळणाऱ्याने विचार करावा, योग्य तेव्हा पाळावी. आज्ञेला देणारा लागतो. कर्तव्याला लागत नाही. ते परिस्थितीकडे पाहून आपलं आपल्याला ठरवावं लागतं, आणि म्हणून ते आज्ञेपेक्षा जड असतं.

तुमच्या पत्राच्या शेवटी दोन प्रश्न आहेत. ‘मी सही करू का?’ हा आज्ञार्थाचा प्रथमपुरुष, परवानगी मागणारा. ‘आत येऊ का?’ सारखा. याचं उत्तर मी देणार नाही. मी ‘करा’ किंवा ‘करू नका’ म्हटलं, तर बाबांच्या, आईच्या, दादांच्या रांगेत आणखी एक आज्ञा देणारी उभी राहील, आणि तुम्ही पुन्हा धारकच राहाल, या खेपेला माझ्या आज्ञेच्या. पण त्याच्या पुढच्याच ओळीत तुम्ही ‘काय करावं’ असं लिहिलंय. त्या प्रश्नात मी तुमच्याबरोबर बसू शकते.

आधी हातात काय आहे ते पाहू. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू झाला आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतरही चालू राहिला. वारशाचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यात आला आहे, तो २०१६ च्या अखेरीस अमलात आला. या सगळ्या काळात मुलगा आणि मुलगी इथे समान वारस राहिले. देशभरच्या हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीवर मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क मिळायला २००५ ची दुरुस्ती यावी लागली. लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक असते. म्हणजे निम्मी आईची स्वतःची आहे, ती वारशात येतच नाही. बाबांच्या निम्म्यात तुम्ही दोघं भावंडं सारखी. बाबांनी मृत्युपत्र केलं असतं तरी त्यांच्या हिश्श्यातला निम्मा भाग त्यांना मुलांसाठी राखून ठेवावाच लागला असता. आणि जिवंत माणसाचा वारसा आधीच सोडता येत नाही, हेही कायद्यात आहे. बाबा असताना कोणी काय बोललं त्यावर काही बांधलं जात नाही. हक्क सोडायचा तर तो पूर्ण सोडावा लागतो. थोडा ठेवून थोडा सोडणं किंवा त्याला अट घालणं चालत नाही. ‘सही करते, पण आईला शेवटपर्यंत तिची खोली राहू दे’ अशी ओळ त्या कागदात घालून निभणार नाही. हे सगळं तुमच्या कागदांवर कसं लागू होतं ते वारशाची कामं करणाऱ्या वकिलाला विचारा, आणि तो दादांचा वकील नसावा.

एवढा हिशेब मांडल्यावर एक प्रश्न मी तुम्हाला विचारते. ‘मला लोभ नाही’ हे वाक्य तुम्ही का लिहिलंत? हक्क मागणाऱ्या बहिणीला आधी निर्लोभी असल्याचा दाखला द्यावा लागतो, भावाला कोणी तो मागत नाही. वडिलांचा वारसा ठेवून घेण्यात लोभ नाही. तसाच तो सोडून देण्यात मोठेपणाही आपोआप येत नाही. सोडणाऱ्याला आपण काय सोडतोय ते माहीत असावं लागतं, तरच ते दान. नाहीतर ते नुसतं निसटणं.

दादांची बाजूही पाहा. कुळागर म्हणजे बँकेतली ठेव नव्हे, की अर्धी काढली आणि अर्धी ठेवली. वरच्या झऱ्यापासून निघालेला एकच पाट पोफळींच्या ओळींतून, केळींच्या बुंध्यांशी, मिरवेलींच्या मुळांशी फिरत खाली जातो. मधे कुंपण घातलं तर खालची बाग वाळते. वर्षानुवर्षं पहाटे उठून तो पाट कोणी मोकळा केला? बाबांना इस्पितळात कोणी नेलं-आणलं? वहिनीने काय काय केलं? त्यांच्या मनात, उद्या बहिणीच्या मुलांनी हिस्सा बाहेरच्याला विकला तर काय, ही भीती असणार. ती खरी भीती आहे, गोव्यात आज जमिनीला आलेले भाव पाहता फारच खरी. तुमच्या गप्प राहण्याने ती वाढते. भाऊ लोभी आणि बहीण बिचारी, हे चित्र मनातून काढून टाका. त्यात कोणाचंच तोंड नीट दिसत नाही.

वाटा तीनचार आहेत. आईच्या हयातीत वाटणीच न करता मिळकत सामाईक ठेवायची, कसायची दादांनी, आणि आईचा राहण्याचा व खर्चाचा बंदोबस्त लेखी करायचा. घाई आहे कोणाला, आणि कशाची, हे दादांना शांतपणे विचारून पाहा. एखादं कर्ज काढायचं असेल, घराची दुरुस्ती अडली असेल, तर ते त्यांनी सांगितलेलं नाही आणि तुम्ही विचारलेलं नाही. किंवा वाटणी करायची, कुळागर अखंड दादांकडे ठेवायचं आणि तुमच्या हिश्श्याची रक्कम त्यांना झेपेल अशा हप्त्यांनी घ्यायची. तिसरी वाट, मिळकतीची यादी आणि मूल्यांकन होऊन कोर्टामार्फत वाटप, ज्याला इथे सगळे इन्व्हेंटरी म्हणतात. ती भांडणाचीच असते असं नाही, पुष्कळ कुटुंबं आपसात ठरवून तिथे जातात. आणि हो, सही करून सगळं सोडून देणं हीसुद्धा वाट आहे. तुम्ही, तुमचे यजमान, दोघांनी बसून, आकडे पाहून, ‘आम्ही हे दादाला देतो’ असं म्हणालात, तर मी मनापासून नमस्कार करीन. यजमानांच्या गप्प राहण्याचं कारणही त्यांना विचारा. त्यांची सही लागणार असेल तर त्यांचं मतही लागतं. ‘तुझं माहेर, तू ठरव’ हे ऐकायला समजूतदार वाटतं, पण त्याने तुम्ही एकट्या पडता.

काहीही ठरवलंत तरी आईबद्दलचं कर्तव्य या कागदापासून वेगळं काढा. महिन्यातून दोनदा जाऊन राहणं, तिच्या डोळ्यांची तपासणी, औषधांचा खर्च, वहिनीला चार दिवस तिच्या माहेरी जाता यावं म्हणून तुम्ही येऊन घर सांभाळणं. यातलं जे जमेल ते आजपासून करायला कोणाची सही लागत नाही. हे सुरू झालं की ‘सही नाही म्हणजे माया नाही’ हे समीकरण आईच्या मनातून आपोआप सैल होईल.

भीती माहेर तुटण्याची आहे, ती मला कळते. चवथीला पाटावर गणपती, वर फळाफुलांनी बांधलेली माटोळी, आणि आपल्याच घरात आपण पाहुणीसारखं दारात उभं. ही भीती दाखवून कितीतरी बहिणींच्या सह्या झाल्या आहेत. सह्या करूनही ज्यांचं माहेर राहिलं नाही अशा बायका मी पाहिल्या आहेत, आणि हिस्सा घेऊनही ज्यांच्या भावजया त्यांची वाट पाहत असतात अशाही. माहेर टिकवण्याची हमी त्या कागदात कुठल्याच बाजूने नाही.

दादांना काय लिहायचं ते अडत असेल तर असं काहीसं लिहा. फोनवर नको, कारण फोनवर रडू येतं. “दादा, बाबांनी माझ्यावर विश्वास टाकला हे ऐकून मला भरून आलं. त्यांची इच्छा मी टाळत नाही. पण त्यांनी मला विचारायला शिकवलं, म्हणून विचारते. कुळागर तुझ्याच हातात राहावं हे मलाही वाटतं. ते कसं राहील, आईचं काय, आणि तुला घाई कशाची आहे, हे आपण आईसमोर बसून बोलू. कागद मला आधी पाठव, आम्ही दोघं वाचू. ते होईपर्यंत मी सही करणार नाही.” घरी बोलाल तेव्हा कोकणीतच बोला, लिहिलेलं वाचून दाखवू नका. आणि ‘करणार नाही’च्या मागे ‘ते होईपर्यंत’ आहे हे दादांच्या लक्षात आणून द्या, ते रागात पहिला भाग ऐकतील.

ज्यांच्या घरी असाच कागद टेबलावर आहे त्या इतर वाचकांनाही तेच सांगेन. ठरवून घेतलेल्या तारखेला गाडीत बसून थेट कार्यालयात जाऊ नका. मसुदा आधी घरी आणा, मिळकतीचा प्रत्येक सर्व्हे नंबर वाचा, त्यात आईच्या हिश्श्याबद्दल काय लिहिलंय ते पाहा. आणि भावांनो, बहिणीची सही हवी असेल तर तिला कारण सांगा. तिला ‘आज्ञाधारक’ म्हणून सही मागू नका.

तारीख जवळ आली आहे. ते पत्र आज रात्रीच लिहा आणि त्यात एवढंही घाला, की त्या दिवशी कार्यालयात येणार नाही, पण चवथीच्या आदल्या दिवशी नेहमीसारखी दुपारीच येते, माटोळी बांधायला. सुपारीचा घोस कुळागरातला काढून ठेव म्हणावं. येताना ते प्रगतिपुस्तक पिशवीत घाला. आईने ते बऱ्याच वर्षांत पाहिलं नसेल.